नवरा मिलिटरीत असेल तर घटस्फोटाची केस कशी लावावी

बाँडवरची फारकत आधी डोक्यातून काढा. शंभराच्या नाहीतर पाचशेच्या बाँडवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि गावातल्या पाच माणसांची साक्ष, एवढ्यानं हिंदू लग्न मोडत नाही. आमच्या समाजात तशी रीतच आहे म्हणाल, तर ती रीत कोर्टात शाबीत करावी लागते. बीड-परभणीकडं अजूनही लोक असले कागद जपून ठेवतात. सैनिकानं त्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर नोकरीवर येतं.

कोर्ट निवडणं सोपं. बायको सध्या राहते तिथं ती अर्ज करू शकते, म्हणजे माहेर हिंगोलीला असेल तर केसही हिंगोलीला. छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी कुटुंब न्यायालय आहे, नसेल तिथं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढं. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

दोघं राजी असाल तर एक वर्ष वेगळं राहिल्यावर संमतीचा अर्ज. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट कोर्ट माफ करू शकतं, 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

आता समन्स. शेतकऱ्याची किंवा शिक्षकाची केस असेल तर बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, घरी जातो, काम होतं. सैनिकाचं तसं नाही, आणि मी वकील म्हणून पहिल्या केसमध्ये इथंच आपटले. अर्जात नवऱ्याचा गावचा पत्ता घातला. बेलीफ गेला की सासू म्हणायची, "तो ड्युटीवर आहे." शेवटी दाराला समन्स चिकटवलं आणि एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे नवरा हजर नसताना कोर्टाचा निकाल, घेतला. पेढे वाटून झाले. वर्षभरानं तो सुट्टीवर आला, समन्स मिळालंच नाही म्हणून अर्ज दिला, हुकूमनामा रद्द झाला आणि माझी पक्षकार पुन्हा पहिल्या तारखेला.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 5, नियम 28 स्वच्छ आहे: प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडं पाठवायचं, सोबत सैनिकासाठी एक प्रत. ऑफिसरनं ते बजावून त्याची लेखी पोच परत पाठवायची. म्हणून अर्जातच आर्मी नंबर, रँक, युनिट आणि 56 किंवा 99 एपीओचा (लष्कराच्या पोस्ट ऑफिसचा) पत्ता लिहा. पत्ता जुन्या पत्रावर, पगाराच्या स्लिपवर किंवा कॅन्टीन कार्डाच्या कागदांत सापडतो. बदली झाली असेल तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, लिहा. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. पोच आली की ती फाईलला लागली आणि रोजनाम्यात (केसच्या तारखांच्या नोंदीत) नोंद झाली, हे स्वतः बघा. कारकुनाच्या "झालंय" वर विसंबू नका. "पत्ता माहीत नाही असं लिहा, लवकर सुटेल" असं सांगणारा वकील भेटला तर तिथूनच उठा.

तो सुट्टीचा दाखला आणून अर्ज देईल, तर आर्मी ॲक्टच्या कलम 32 नं कोर्टानं शक्यतो त्या सुट्टीतच केस निकाली काढायची असते. याचा राग धरू नका, उलट साक्षीपुरावा त्याच तारखांना लावून घ्या. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तो तैनात असल्याचं प्रमाणपत्र आलं तर सैनिकांच्या दाव्यांबाबतच्या 1925 च्या कायद्यानं काम थांबू शकतं. तिथं वाद घालून उपयोग नाही.

पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून ती अर्जाच्या तारखेपासून धरतात, आणि दोघांनाही मालमत्तेचं, देण्याघेण्याचं शपथपत्र द्यावं लागतं. "पगार जप्त करून घेऊ" हा सल्ला मात्र सैनिकाला चालत नाही. आर्मी ॲक्टचं कलम 28 दिवाणी कोर्टाला त्याचा पगार जप्त करू देत नाही. दार दुसरं आहे. त्याच कायद्याच्या कलम 90 आणि 91 खाली लष्करी अधिकारीच बायको-मुलांसाठी पगारातून कपात लावू शकतात. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक आणि असेल तर कोर्टाचा आदेश जोडून कमांडिंग ऑफिसरला रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज करा. केस चालू असतानाही हा अर्ज चालतो.

हुकूमनामा झाला की तीन प्रमाणित नकला काढा. एक युनिटला नोंदीसाठी, एक रेकॉर्ड ऑफिसला, एक तुमच्याकडं. घटस्फोटानंतर बायकोची फॅमिली पेन्शन जाते, मुलांचा हक्क जात नाही. त्यांची नावं रेकॉर्डवर आहेत ना, ते याच पत्रात विचारून घ्या.