कृषी एम.एस्सी.ला येताय? विषय निवडताना खर्चाची वही सोबत ठेवा

बी.एस्सी. ॲग्री करून एम.एस्सी.ला येणारी मुलं पहिल्याच सत्रात विचारतात, "विषय कोणता घेऊ?" मी परभणीला ॲग्रॉनॉमी (कृषिविद्या) केलं, सोयाबीनच्या लागवड पद्धतींवर. माझं मत पक्कं आहे: विषय कोणताही घ्या, पण शेतकऱ्याच्या हातात एकरी किती उरलं आणि जमिनीत काय उरलं, ही दोन उत्तरं त्यातून मिळायला हवीत. नुसत्या क्विंटलवर कुणाचं घर चालत नाही.

बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीचंच बघा. रुंद वरंब्यावर सोयाबीन पेरलं की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, आणि पावसाने ओढ दिली तर सरीत मुरलेली ओल पिकाला तारते. बियाणंही एकरी ३० किलोऐवजी साधारण २२ किलोत भागतं. पण यंत्राचं भाडं, ट्रॅक्टर वेळेवर मिळणं, निंदणीची मजुरी हे सगळं मांडल्याशिवाय ही पद्धत परवडते असं म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक ट्रीटमेंटला, म्हणजे प्रयोगात तुलना करायच्या प्रत्येक पद्धतीला, किती माणसं लागली, किती तास लागले, ते त्याच संध्याकाळी लिहा. प्रबंधातलं अर्थशास्त्राचं प्रकरण बरेच जण शेवटच्या महिन्यात छापील दरांवरून उरकतात. मला ते फार खटकतं. शेतकरी पहिल्यांदा तेच पान बघणार असतो.

जमिनीचं उत्तर मात्र एका खरिपात मिळत नाही. पेरणीआधी आणि काढणीनंतर ०-१५ सेंमी थरातले नमुने घ्याच, पण सेंद्रिय कर्बात लगेच फरक दिसेल अशी आशा धरू नका. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला गव्हाचा प्रयोग १८४३ पासून एकाच शेतात चालू आहे. आपल्याकडे दीर्घकालीन खत प्रयोगांचा अखिल भारतीय प्रकल्प १९७० मध्ये सुरू झाला. अकोल्यालाही ज्वारी-गहू पीकपद्धतीवर असा प्रयोग वर्षानुवर्षं चालत आलाय. अशा प्रयोगांतून दिसलं ते असं: नुसतं नत्र देत राहिलं की उत्पादन घसरत जातं, आणि शिफारशीत खतांसोबत शेणखत दिलं की उत्पादन आणि कर्ब दोन्ही टिकतात. तुमच्या विभागात असा जुना कायम प्लॉट असेल, तर त्यावर काम मागून घ्या. नवीन प्लॉटवर दोन वर्षांत जे कळणार नाही, ते तिथे कळतं.

प्रवेशाची वाट सगळ्यांना ठाऊक असते: राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही राज्यातली चार कृषी विद्यापीठं, नाहीतर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा देऊन राज्याबाहेर. त्यावर वेगळं सांगत नाही.

मात्र प्रयोगाची आखणी करण्याआधी प्रक्षेत्रावरच्या जुन्या मजुरांशी बोला. कुठल्या तुकड्यात पाणी साचतं, उतार कुठे आहे, गेल्या हंगामात कुठे शेणखत पडलं होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. उताराच्या आडवे ब्लॉक, म्हणजे सगळ्या ट्रीटमेंट एकत्र बसतील असे जमिनीचे पट्टे, पाडले, तर एका ब्लॉकमधली जमीन सारखी मिळते आणि आलेला फरक ट्रीटमेंटचाच आहे असं छातीठोकपणे सांगता येतं.