‘एक्सपोर्ट तुटलं’ म्हणून पगारवाढीचा करार अडवला, तर युनियन कमिटीने काय तपासायचं

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत युनियनने पगारवाढीचं मागणीपत्र दिलं की मॅनेजमेंटचं उत्तर येतं, "अमेरिकेच्या आयात ड्यूटीने ऑर्डर तुटल्या, यंदा पगारवाढ विसरा." हे खरंही असू शकतं. 2025 मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या बऱ्याच सुट्या भागांवर 25 टक्के, पोलादावर आधी 25 आणि नंतर 50 टक्के ड्यूटी लावली. पण आकडे पाहिल्याशिवाय मान डोलवू नका.

कंपनी कायद्याच्या कलम 134 नुसार संचालकांच्या अहवालात परकीय चलनाची कमाई आणि खर्च द्यावा लागतो. कंपनी मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर 100 रुपये भरले की प्रायव्हेट लिमिटेडचेही कागद पाहता येतात. तीन वर्षांचे काढा. समजा विक्री 200 कोटी, परदेशातून कमाई 30 कोटी. त्यातली निम्मी अमेरिकेची आणि ती सगळी बुडाली असं धरलं, तरी फटका विक्रीच्या साडेसात टक्के. कमिट्या चुकतात ते परकीय चलनातल्या खर्चाचा आकडा सोडून देतात तिथे. रुपया घसरला की बाहेरचा कच्चा माल महागतो, निर्यातीला मात्र हात मिळतो. दोन्ही आकडे शेजारी मांडा. आणखी एक: तुमचा माल इथल्याच मोठ्या कंपनीत जाऊन तिथून परदेशी जात असेल, तर तो या कमाईत दिसतच नाही. तो डिस्पॅचवाल्यांना विचारा.

अहवाल मागच्या मार्चचा असतो. आजचं चित्र पॅकिंगला दिसतं. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, बाजूला बहुधा ‘एचटी’ ही अक्षरं (लाकूड तापवून कीडमुक्त केल्याची खूण). अशा पेट्या आठवड्याला किती जातात ते वहीत लिहा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. फोटो काढू नका, मालाचं डिलिव्हरी चलन बाहेर नेऊ नका. कंपनीला शिस्तभंगाच्या चार्जशीटला आयतं कारण मिळतं.

ऑर्डर खरंच घटल्या की आधी कंत्राटी पोरं गेटवर थांबवली जातात, मग ओव्हरटाईम बंद. परमनंट कामगाराला झळ उशिरा लागते, म्हणून शिफ्टवार हजेरी आतापासून नोंदवा. शिफ्ट किंवा भत्ते बदलायचे तर 21 दिवसांची नोटीस लागते. ले-ऑफमध्ये, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं तर, पात्र कामगाराला बेसिक आणि डीएच्या (महागाई भत्त्याच्या) 50 टक्के मिळतात, कंत्राटी कामगाराच्या हातात बहुधा काहीच पडत नाही. त्याचं नाव मागणीपत्रात असलंच पाहिजे.

मंदी खरी निघाली तर वाढ दोन टप्प्यांत घ्या. दुसरा टप्पा निर्यात अमुक कोटींवर परतली की आपोआप लागू, असा आकडा आणि तारीख करारात लिहून घ्या. "परिस्थिती सुधारल्यावर विचार करू" या वाक्याखाली सही करू नका.