पीटीझेड कॅमेऱ्याचा फोकस उडतो, झटके बसतात? या चुका टाळा

इंदूरला रामबागेत आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या लाइव्ह प्रक्षेपणाचं काम मी बघतो. बाहेरगावी गेलेली आपली मुलं रात्री जागून कीर्तन बघतात म्हणून हे काम जीव लावून करतो, आणि लांबून जॉयस्टिकवर फिरणाऱ्या या पीटीझेड (पॅन-टिल्ट-झूम, म्हणजे आडवा-उभा फिरणाऱ्या आणि झूम होणाऱ्या) कॅमेऱ्यात मला सगळ्यात जास्त छळलंय ते फोकसनं.

मोठी चूक म्हणजे सगळा कार्यक्रम ऑटोफोकसवर काढणं. बुवा चिपळ्या वाजवत दोन पावलं बाजूला सरकले की कॅमेरा मागच्या लायटिंगच्या माळेवर जाऊन बसतो, माळेचा एकेक दिवा स्वच्छ आणि बुवांचा चेहरा भुरकट. बऱ्याच कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट शोधतो, त्याला चकाकणारा दिवा सोपा पडतो. नाटकात अंधार झाला की तर काहीच सापडत नाही, मग लेन्स नुसती पुढे-मागे करत राहते. म्हणून आधीच बुवांच्या जागी कुणाला तरी उभं करा, पूर्ण झूम इन करा, चेहऱ्यावर वन पुश फोकस (बटण दाबलं की एकदाच होणारा ऑटोफोकस) मारा, मॅन्युअलला टाका आणि मग झूम आउट करा. उलटं केलंत, म्हणजे वाइडवर फोकस करून नंतर झूम केलात, तर फसाल, कारण वाइडमध्ये डेप्थ जास्त असते, म्हणजे जवळचं-लांबचं सगळंच स्वच्छ दिसतं, चूक दिसतच नाही. बुवा फार पुढे आले तर परत एकदा वन पुश, बस.

प्रीसेट, म्हणजे बटणावर परत आणता येणारी कॅमेऱ्याची ठरलेली फ्रेम, सेव्ह करतानाही फोकस मॅन्युअलवरच ठेवा. आणि जो कॅमेरा ऑन एअर आहे त्याचा प्रीसेट बदलू नका हो, बघणाऱ्याला गरगरतं! आधी दुसऱ्या कॅमेऱ्यावर कट करा, एकच असेल तर प्रीसेटचा स्पीड कमी करा. फुल झूमवर जॉयस्टिकला बोट लागलं तरी फ्रेम उडते, मेनूत झूमप्रमाणे पॅन-टिल्ट हळू करायचा ऑप्शन असेल तर तो चालू करा.

कॅमेरा ऐकतच नसेल तर? व्हिस्का (कंट्रोलरनं कॅमेऱ्याला हुकूम द्यायची भाषा) सिरियल वायरवर वापरत असाल तर कॅमेऱ्याचा अ‍ॅड्रेस (1 ते 7) आणि बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, बघा, कॅमेऱ्यात 9600 आणि कंट्रोलरमध्ये 38400 असेल तर काही हलणार नाही. आरएस-232 या सिरियल जोडणीची वायर 15 मीटरच्या पुढे नेऊ नका, लांब जायचं असेल तर आरएस-422 किंवा 485 घ्या. नेटवर्कवर सोनीच्या व्हिस्काचा यूडीपी पोर्ट 52381 आहे, बाकी कंपन्यांचा वेगळा असू शकतो, मॅन्युअल उघडा.

एकदा भाड्याने आणलेल्या नेटवर्क स्विचवर कॅमेरा चालू व्हायचा, चित्र पण यायचं, पण पॅन केलं की बंद पडून परत सुरू, आरतीची वेळ होत आली तरी आम्ही वायरीच बदलत बसलो होतो. शेवटी कळलं की स्विच साधा पीओई (नेटवर्कच्याच वायरीतून पॉवर देणारा), म्हणजे पोर्टला 15.4 वॅट, आणि कॅमेऱ्याला हवा पीओई प्लस, 30 वॅटवाला. मोटर फिरली की पॉवर पुरायची नाही.

आणि चालू कॅमेऱ्याची मान हाताने फिरवू नका, मुलांनाही फिरवू देऊ नका, त्याला आपली जागा समजेनाशी होते. फिरवलीच कुणी तर पॅन-टिल्ट रीसेट मारा आणि सगळे प्रीसेट एकेक करून परत बघून घ्या.