कासरा आणि मल्चिंग पेपर वापरून मायलिनची प्रतिकृती कशी करावी

बांधावरून अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा रुतला, तर आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने ठसठस सुरू होते. पहिली कळ मायलिनचे, म्हणजे चेतातंतूभोवतीच्या स्निग्ध थराचे, पातळ आवरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने येते; ठसठस मात्र आवरण नसलेल्या तंतूंतून जेमतेम 0.5 ते 2 मीटर वेगाने. हा फरक मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळेत शेतातल्या साहित्यावर दाखवता येतो.

सुमारे 1 सेंटिमीटर जाडीचा, साडेतीन मीटर लांबीचा जुना कासरा घ्यावा. हा झाला अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, खऱ्याच्या हजारपट मोठा. टरबुजाच्या वाफ्यावरून निघालेला मल्चिंग पेपर धुऊन त्याचे 1 मीटर रुंद आणि अडीच-तीन मीटर लांब असे तीन तुकडे कापावेत. प्रत्येक तुकडा वेढ्यावर वेढा बसेल असा घट्ट गुंडाळावा, तिरका सरकू देऊ नये. आवरण 2 मिलिमीटर जाड झाले की पुरे. हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान (Schwann) पेशी करते: ती आपलेच पटल तंतूभोवती गुंडाळत जाते, आणि एका पेशीचा एकच तुकडा होतो. मायलिनच्या कोरड्या वजनात 70 ते 80 टक्के स्निग्ध पदार्थ असल्याने विद्युतभारित कण त्यातून सहज गळत नाहीत.

दोन तुकड्यांमध्ये फक्त 1 मिलिमीटर फट ठेवावी. विद्यार्थी ती हमखास बोटभर ठेवतात, आणि तिथेच प्रमाण बिघडते. या फटीला रॅन्व्हियरची खाच म्हणतात. तिथे लाल रंग द्यावा, कारण सोडियमची दारे, म्हणजे सोडियमचे विद्युतभारित कण आत सोडणाऱ्या वाटा, तिथेच दाटीने असतात. मायलिनला विजेच्या वायरीचे आवरण म्हणणे मला अपुरे वाटते: वायरीचे आवरण सलग असते, तर इथे तुकड्याखालून झपाट्याने जाताना क्षीण होणारा संदेश प्रत्येक खाचेत सोडियम आत शिरल्यामुळे पुन्हा पूर्ण जोमाचा होतो. सलग आवरणात तो वाटेतच विरून गेला असता.

शेवटी मधला तुकडा सोडवावा. गुलेन-बारे आजारात शरीराची प्रतिकारशक्ती बहुधा असेच आवरण उतरवते. उघड्या पडलेल्या भागात दारे पुरेशी नसल्याने संदेश मंदावतो किंवा थांबतो, आणि पाय उचलेनासे होतात. श्वान पेशी आवरण पुन्हा चढवू शकतात. म्हणून तो तुकडा परत गुंडाळून दाखवावा, मात्र या वेळी वेढे कमी घ्यावेत, कारण नवे आवरण सहसा पहिल्यापेक्षा पातळ असते.