साते, याकितोरी आणि जिऱ्याचं मटण: तिन्ही एकाच शेगडीवर

सिंगापूरला चार वर्षं नोकरीला होते. लाउ पा सात बाजाराला लागून असलेल्या बून टॅट रस्त्यावर संध्याकाळी वाहनं बंद होतात आणि सातेच्या, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या मसालेदार मांसाच्या, शेगड्या पेटतात. तिथे रोज उभी राहून एक गोष्ट लक्षात आली. काडीला टोचून भाजणं सगळीकडे आहे, खरा फरक चव कधी लावतात यात आहे. सातेला आगीआधी, जपानी याकितोरीला आगीवर असताना, चीनमधल्या शिनजियांगच्या जिऱ्याच्या मटणाला अगदी शेवटी. आपल्याला सगळंच आधी मुरवायची सवय, तिथेच घोटाळा होतो. मी याकितोरीचं चिकन रात्रभर सोया सॉसमध्ये ठेवलं होतं. बाहेरून जळलं आणि आतून खारट झालं.

आता कोल्हापुरात गच्चीवर असं करते. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवायच्या. शेगडीच्या दोन बाजूंना विटा ठेवून त्यांवर काड्या आडव्या टाकायच्या, जाळी नको, मांस चिकटतं. कोळशावर पांढरी राख धरली की सुरुवात.

पहिली याकितोरी, कारण चरबीचा धूर तिला सोसत नाही. चिकनच्या मांडीचे तुकडे आणि मधे पातीच्या कांद्याचा जाड पांढरा भाग. सोया सॉस आणि मिरिन (तांदळाची गोड जपानी वाइन) समप्रमाणात, थोडी साखर घालून आटवायचं. या जपानी सॉसला ‘तारे’ म्हणतात. काडी आधी कोरडीच भाजायची, मांस जवळजवळ शिजलं की बुडवून परत आगीवर, मग पुन्हा एकदा. साखर लवकर जळते, म्हणून हा उशीर. उरलेला तारे उकळल्याशिवाय वापरू नका, त्यात अर्धकच्चं चिकन बुडलेलं असतं.

मग साते. हळद, धने, लसूण, कुलंजन (आल्यासारखा कंद), गूळ आणि गवती चहा. आपण चहात पात घालतो, इथे बुडखा हवा, आतला पांढरा मऊ भाग. चिकनच्या बोटभर पट्ट्या या वाटणात चार तास तरी मुरवायच्या. भाजताना गवती चहाचाच बुडखा ठेचून त्याचा कुंचला करायचा आणि तेल लावत राहायचं. हा वास दुसऱ्या कशाने येत नाही. सोबतच्या चटणीला शेंगदाण्याचं कूट जाडसरच ठेवा. त्यात चिंच, गूळ, लाल मिरची आणि मुरवणाचंच थोडं वेगळं काढून ठेवलेलं वाटण तेलात परतून घाला. काकडी आणि कच्चा कांदा हवाच.

शेवटी मटण. मांडीचे छोटे तुकडे कांद्याच्या रसात अर्धा तास, बाकी काही नाही. दोन-तीन तुकड्यांमागे चरबीचा एक तुकडा टोचा. चरबी वितळून मांस तुकतुकीत झालं, की भाजून भरड कुटलेलं जिरं, मिरचीचा चुरा आणि मीठ वरून सढळ हाताने भुरभुरवायचं. ते त्या चरबीलाच धरून राहतं. अर्धा मिनिट आणखी आगीवर, आणि लगेच खायचं. गार झालं की चरबी थिजते.