कन्नड शिकायला बसण्याआधी

बंगळुरूत पाच-सात वर्षं काढूनही 'कन्नड गोत्तिल्ला' (कन्नड येत नाही) एवढंच म्हणता येणारी मराठी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. चार वर्षं मीही त्यांतलीच होते. क्लासला जायला जमेना, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी घरच्या घरीच शिकायला घेतलं. आता कुणी विचारलं तर सुरुवातीआधी काय काय हाताशी ठेवायचं ते मी सांगते.

पहिलं म्हणजे, कुठलं कन्नड हवंय ते ठरवा. हुबळी-धारवाडकडे बोलण्यात पावलोपावली आदराचं 'री' लागतं, बंगळुरूची बोली वेगळी. शिवाय पुस्तकातलं 'होगुत्तेने' (जाते) बोलताना 'होग्तीनि' होतं आणि 'बरुत्तेने'चं (येते) 'बर्तीनि'. मी दोन महिने पुस्तकी रूपं घोकली. बाजारात तेच शब्द कानावर पडायचे, पण ओळखू यायचे नाहीत. म्हणून वहीत दोन रकाने करा, लिहिण्याचं एकीकडे आणि बोलण्याचं दुसरीकडे. पाठ करायचं ते बोलण्याचं.

वही घेतलीत की इंग्रजी बाजूला ठेवा. इंग्रजीतून कन्नड शिकणं म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालणं. आपलं 'मला पाहिजे' म्हणजे 'ननगे बेकु', 'मला नको' म्हणजे 'ननगे बेड', 'मला माहीत आहे' म्हणजे 'ननगे गोत्तु'. शब्दाला शब्द, जागेला जागा. 'ला'च्या जागी 'गे', 'हून'च्या जागी 'इंद', 'त'च्या जागी 'अल्लि', आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. हाक मारली की आपण 'आलो' म्हणतो, निघालेलो नसतानाही. ते 'बंदे' म्हणतात, अगदी त्याच भूतकाळात. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, ते 'बर्तीनि'. हे लक्षात आलं त्या दिवशी मला खरंच भरून आलं होतं. सारखे दिसणारे काही शब्द मात्र फसवतात, त्यांचं वेगळं पान ठेवा. कन्नडमध्ये 'अवसर' म्हणजे घाई, आणि 'अनुमान' म्हणजे शंका.

लिपी पुढे ढकलू नका. वर्णमाला ४९ अक्षरांची, क्रमही आपल्याच ओळखीचा. ळ आणि ण आपल्या जिभेवर आधीच आहेत. रोमन अक्षरांत लिहिलंत तर हीच कमाई हातची जाते. अडतं ते एका ठिकाणी. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात, दीर्घही. ऱ्हस्व 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ 'कोडु' म्हणजे शिंग. देवनागरीत मी दोन्ही सारखंच लिहीत होते आणि सारखंच उच्चारत होते. मग दीर्घाखाली लाल रेघ ओढायला लागले आणि कान सुधारला. जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली जातं, त्याची सवय रस्त्यावर होते. २०२४ पासून कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असणं कायद्याने बंधनकारक आहे. बस सिग्नलला थांबली की वाचत सुटा. मेट्रोत 'मुंदिन निल्दाण' ऐकू आलं की पुढच्या स्टेशनचं नाव स्वतःशी म्हणा.

शब्दकोश मोबाइलवर हवा. 'अलार' मोफत आहे, पण त्यात अर्थ इंग्रजीत आहेत. तेवढं चालवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज ज्यांच्याशी गाठ पडते अशी तीन माणसं निवडा आणि प्रत्येकासाठी दोन वाक्यं तयार ठेवा. माझी पहिली फुलवाली. तिथे गजरा मोळावर मिळतो. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. मी विचारलं, 'ओंदु मोळ एष्टु?' ती 'मूवत्तु' म्हणाली, माळ हातावर धरून मोजली आणि वर चार बोटं जास्तच सोडली. तीस रुपयांचा 'मूवत्तु' मी त्यानंतर कधी विसरले नाही. म्हणून आकडे आधी पाठ करा, दहा-दहाच्या टप्प्याने: हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु.

समोरचा माणूस आपली अडचण ओळखून लगेच हिंदीवर येतो. मायेनेच येतो, पण आपलं शिकणं तिथेच थांबतं. त्यासाठी हे वाक्य झोपेतही म्हणता येईल इतकं पक्कं करा: 'कन्नड कलीता इद्दीनि, स्वल्प निधानवागि हेळि.' कन्नड शिकतेय, जरा सावकाश सांगा. त्यातलं 'हेळि' हे आदरार्थी. 'बन्नि' (या), 'कोडि' (द्या), 'हेळि' (सांगा) हीच रूपं आधी तोंडात बसवा. 'बा' (ये), 'कोडु' (दे) घरच्यांसाठी आणि लहानांसाठी.

वेळेचं म्हणाल तर रोज वीस मिनिटं पुरतात, पण ती ठरलेली असू द्या. माझी सकाळच्या चहाची आहेत.

आणि पहिल्या सहा महिन्यांतला एक रविवार श्रवणबेळगोळच्या जैन तीर्थासाठी राखून ठेवा. टेकडीच्या पायऱ्या सहाशेच्या वर आहेत आणि अनवाणी चढायच्या, तेव्हा पायमोजे आणि पाणी बरोबर घ्या, निघताना लवकर निघा. वर गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी नागरी लिपीत, जुन्या मराठीत कोरलंय, 'श्री चावुंडराजें करवियलें', म्हणजे चावुंडराजाने ती करवून घेतली. तिथेच कन्नडमध्ये तेच वाक्य आहे, 'माडिसिदं' हे क्रियापद घेऊन. 'माडु' म्हणजे कर, 'माडिसु' म्हणजे करव. आजही तसंच म्हणतात. वही बरोबर न्या आणि दोन्ही ओळी एकाखाली एक उतरवून घ्या.