एच-४ वरून एफ-१: विद्यार्थी व्हिसा कधी घ्यावा, कसा घ्यावा

बडोद्यात मराठी लग्नाच्या पंगतीत हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "जावई एच-१बी वर आहेत ना? मग ही तिकडे काय करते?" ही म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.ई. नाहीतर एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी इथे नोकरी करणारी मुलगी. मीही काही वर्षं हीच 'ही' होते. एच-१बी हा अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा, आणि त्यावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो एच-४. एच-४ वर शिकता येतं, गाडी चालवता येते, बँकेत खातं उघडता येतं, पण कामाच्या वेगळ्या परवान्याशिवाय पगार घेता येत नाही.

मग कुणीतरी सांगतं, "एफ-१ करून टाक, नोकरी सुरू." मलाही एका कन्सल्टंटने असंच सांगितलं होतं. त्यातलं अर्धंच खरं निघालं. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, नोकरीचा परवाना नव्हे. आधी शिकायचं आणि मग टप्प्याटप्प्याने काम करायची मुभा मिळवायची, असा तो प्रकार आहे. त्यामुळे फी भरण्याआधी हिशेब नीट मांडावा.

आधी नवऱ्याला एक प्रश्न विचारा

त्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालंय का? ते मंजूर असेल, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल, तर एच-४ वरच्या जोडीदाराला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागता येतो. २६ मे २०१५ पासून ही सोय आहे. अर्ज आय-७६५ फॉर्मवर करायचा. कार्ड हातात आलं की कुठल्याही कंपनीत, कितीही तास काम करा, हवं तर स्वतःचा धंदा काढा. कॉलेजची फी नाही, परीक्षा नाही. हे कागद कंपनीच्या वकिलाकडे पडून असतात आणि कित्येक घरांत ते मंजूर झाल्याचंच माहीत नसतं. म्हणून आज रात्रीच विचारा.

उत्तर 'नाही' आलं आणि तुम्हाला खरोखर शिकायचंही असेल, तरच पुढचं वाचा.

एफ-१ वर नेमकं किती काम करता येतं

सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून बाहेर इंटर्नशिप करता येते, तिला सीपीटी म्हणतात. त्यासाठी साधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. पदवीनंतर आपल्या विषयातलं काम १२ महिने करता येतं, ते ओपीटी. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग किंवा गणिताच्या सरकारी यादीत बसत असेल तर आणखी २४ महिने मिळतात.

"पहिल्या दिवसापासून सीपीटी" अशी जाहिरात करणारी कॉलेजं भेटतील. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पदवीच्या पातळीवरची ओपीटी हातची जाते, आणि पुढे दुसऱ्या व्हिसाच्या वेळी याच कॉलेजवरून प्रश्न विचारले जातात.

बदल केव्हा करायचा

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो किंवा बुडतो. एच-४ वर पूर्णवेळ शिकायला काहीच आडकाठी नाही, एफ-१ ची गरजच नाही. बऱ्याच राज्यांत एच-४ वाल्यांना तिथले रहिवासी मानून सरकारी विद्यापीठाची कमी फी लागू होऊ शकते. एफ-१ वर ही सवलत सहसा मिळत नाही. म्हणजे घाईघाईने एफ-१ करणारी मुलगी तोच वर्ग, तीच बाकं, पण बाहेरच्यांची फी भरून बसते.

ओपीटीसाठी एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं, आणि ते वर्ष एच-४ वर काढलेलं असलं तरी धरलं जातं. म्हणून पहिलं वर्ष एच-४ वर शिकायचं आणि मधेच एफ-१ साठी अर्ज करायचा, हा मार्ग अगदी कायदेशीर आहे. मात्र ओपीटीचा अर्ज करताना तुम्ही एफ-१ वर असायलाच हव्यात. अभ्यासक्रम संपेपर्यंत बदल मंजूर झाला नाही तर ओपीटी गेलीच समजा. शेवटच्या सेमिस्टरपर्यंत थांबू नका.

याला एक अपवाद आहे. प्राध्यापकांनी असिस्टंटशिप देऊ केली असेल तर ती नोकरीच धरली जाते, एच-४ वर घेता येत नाही. फी माफ आणि वर दरमहा पैसे मिळत असतील, तर सुरुवातीपासूनच एफ-१ करा.

आणखी एक बाजू लक्षात घ्या. एच-४ नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली की तुमचे दिवसही मोजायला लागतात. एफ-१ तुमचा स्वतःचा असतो. मुलं मात्र वडिलांच्या एच-१बी मुळे मिळालेल्या एच-४ वरच राहू शकतात, त्यांना हलवायची गरज नाही.

कागद जमवताना

प्रवेश मिळाला की कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आय-२०, म्हणजे एफ-१ साठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, मागायचं, आणि 'स्टेटस (अमेरिकेत राहण्याचा दर्जा) बदलायचं आहे' हे स्पष्ट सांगायचं. पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. नवऱ्याचं बँक स्टेटमेंट आणि पगारपत्रं चालतात. आय-२० आलं की ३५० डॉलर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची) भरून पावती जपून ठेवा. जुन्या मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट बडोद्याच्या फेरीतच काढून घ्या, सीलबंद पाकिटाच्या दोन-तीन प्रती जास्तीच्या. नंतर बाबांना युनिव्हर्सिटीत हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा हे बरं.

तिथूनच अर्ज, की मुंबईला फेरी

पहिला मार्ग अमेरिकेत राहूनच स्टेटस बदलण्याचा आय-५३९ फॉर्म भरण्याचा. फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०. भरण्याच्या दिवशी पुन्हा तपासून घ्या. सोबत आय-२०, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद), लग्नाचा दाखला, नवऱ्याची एच-१बी मंजुरी आणि पैशाची कागदपत्रं जोडायची. अर्ज पोचतो त्या दिवशी तुमचा एच-४ चालू असलाच पाहिजे. जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे लवकर निकाल, मागता येतं. निकाल येईपर्यंत एच-४ वर वर्गात बसता येतं, कॅम्पसवर नोकरी मात्र नाही. आणि या काळात देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. भावाचं लग्न ठरत असेल तर तारीख आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग मुंबईचा. गुजरातचे अर्जदार बीकेसीतल्या वकिलातीच्या हद्दीत येतात. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, १८५ डॉलर व्हिसा फी, मग बोटांचे ठसे आणि मुलाखत. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनच एफ-१ वर अमेरिकेत शिरता येतं, त्याआधी नाही.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: "एच-४ वर शिकता येतंच की, मग एफ-१ कशाला?" यावर पाठ केलेलं उत्तर देऊ नये. असिस्टंटशिप, अभ्यासक्रमातली इंटर्नशिप, जे खरं असेल ते दोन वाक्यांत सांगावं. खरी अडचण वेगळी आहे. एच-४ वाल्यांना परत येण्याचा इरादा सिद्ध करावा लागत नाही, एफ-१ वाल्यांना लागतो. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा सयाजीराव महाराजांच्या सरकारने परतल्यावर दहा वर्षं नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला तसलंच काहीतरी हवं असतं, फक्त आपल्याकडे करारपत्र नसतं. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचे कागद पुढे सरकले असतील तर अर्जातल्या इमिग्रंट पिटिशनच्या प्रश्नाचं उत्तर वकिलाला दाखवूनच लिहा. एकदा नकार मिळाला की पुढच्या प्रत्येक डीएस-१६० मध्ये तो सांगावा लागतो. म्हणून ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असलेल्यांना मी अमेरिकेतूनच अर्ज करायचा सल्ला देते.

मंजुरीनंतर

ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून, संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो; पहिल्याच आठवड्यात करा. सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही.

आणि बडोद्याला सुट्टीवर यायचं तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडा. तिथूनच बदल केला असेल तर तुमचं स्टेटस एफ-१ झालं, पण पासपोर्टवरचा शिक्का एच-४ चाच आहे. परत जाताना मुंबईत एफ-१ चा शिक्का घ्यावाच लागेल. जुन्या एच-४ च्या शिक्क्यावर विमानतळावरून आत शिरलात तर तुम्ही पुन्हा एच-४ झालात, आणि एवढी खटपट वाया. आत शिरल्यावर घरी पोचून सामान उघडण्याआधी आय-९४ ऑनलाइन बघा. तिथे एफ-१ लिहिलेलं नसेल तर त्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयाला फोन करा.